मोटर फिरते, पण कुठवर?

मारुती जिप्सीत चालकाच्या डाव्या हाताशी दोन दांडे असायचे. एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा चारही चाकांना ताकद जोडणारा. चिखलात शिरण्याआधी हा दुसरा दांडा ओढायचा. आतले दाते जुळले असतील तर तो खट् करून बसायचा. नसतील तर हाताला अडथळा लागायचा, मग गाडी हातभर पुढे-मागे घेऊन पुन्हा ओढायचा. हे कुणी शिकवावं लागत नसे. हात एकाच वेळी दोन कामं करत होता: दांडा ढकलायचा आणि तो कुठवर गेला हे ओळखायचं.

पुढे अशा गाड्या शहरात आल्या, घरच्या झाल्या. १९९८ साली आलेली टाटा सफारी आणि २००२ साली आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ यांच्या फोर-बाय-फोर आवृत्त्यांमध्ये दुसरा दांडा गेला आणि त्या जागी गोल बटण आलं. टू-हाय, फोर-हाय, फोर-लो अशा तीन खुणा. बोटांनी फिरवायचं, बाकीचं गाडी बघून घेते. ‘इलेक्ट्रिक शिफ्ट ऑन फ्लाय’ या भारदस्त नावाचा अर्थ एवढाच की टू-हायमधून फोर-हायमध्ये जायला गाडी थांबवावी लागत नाही. सोय चांगलीच होती. पण बटण आलं तशी हाताची ती दोन कामं वेगळी झाली. ढकलण्याचं काम एका छोट्या मोटरकडे गेलं. ओळखण्याचं काम गेलं मोटरच्या पोटातल्या, तांब्याच्या पट्ट्या असलेल्या एका चकतीकडे.

आता या गाड्या जुन्या झाल्या. बटण फिरवलं की डॅशबोर्डवरचा दिवा नुसताच लुकलुकत राहतो आणि पुढची चाकं काही ओढत नाहीत, ही त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार. गॅरेजमधलं निदानही ठरलेलं: ‘मोटर गेली, नवीन टाका.’ माझं मत वेगळं आहे. जोर संपल्यामुळे बंद पडणाऱ्या मोटरी असतात, पण त्याहून जास्त मोटरी आपण कुठे आहोत हे कळेनासं झाल्यामुळे बंद पडतात. हा फरक ओळखला तर दुरुस्ती बऱ्याचदा एका दुपारच्या साफसफाईवर येते.

आधी ही मोटर नेमकं काय हलवते ते पाहू. अशा गाडीत गिअरबॉक्समधून निघालेली ताकद थेट मागच्या चाकांकडे जात नाही. ती आधी ट्रान्सफर केस नावाच्या डब्यात शिरते. या डब्यातून दोन शाफ्ट निघतात, एक मागच्या ॲक्सलकडे आणि एक पुढच्या. टू-हायमध्ये ताकद फक्त मागे जाते. फोर-हायमध्ये आतली एक दातेरी कॉलर सरकते आणि पुढचा शाफ्ट मागच्याशी पक्का बांधला जातो. फोर-लोमध्ये आणखी एक गिअर मध्ये येतो. बोर्गवॉर्नर या कंपनीच्या १३-५४ या प्रसिद्ध ट्रान्सफर केसमध्ये त्याचं प्रमाण २.४८ आहे, म्हणजे चाकं जवळजवळ अडीच पट सावकाश फिरतात आणि तेवढाच जोर वाढतो. निसरड्या चढावर अर्ध्या क्लचवर झगडण्याची गरज राहत नाही.

हा १३-५४ अमेरिकेत फोर्डच्या ब्रॉन्को-टू, रेंजर आणि १९९१ मॉडेलच्या पहिल्या एक्सप्लोररमध्ये होता, दांड्याचाही आणि बटणाचाही. बटणाच्या मोटरीबद्दल जगभरच्या मेकॅनिकांना जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं याच डब्यावर शिकलेलं आहे. आपल्याकडच्या गाड्यांचे ट्रान्सफर केस याच घराण्यातले. पुण्याजवळच्या भोसरीच्या दिवगी कुटुंबाच्या कंपनीने बोर्गवॉर्नरशी भागीदारी करून दिवगी-वॉर्नर उभी केली आणि टाटा-महिंद्रांना ट्रान्सफर केस पुरवले. २०१६ मध्ये भागीदारी संपली, कंपनीचं नाव दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स झालं आणि मार्च २०२३ मध्ये तिचा शेअर बाजारात आला. गाडी पुण्याची किंवा नाशिकची, तिचा डबा भोसरीच्या कंपनीचा. हिमालयातल्या एखाद्या खिंडीत मराठी माणसाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही, बटण फिरवल्यावर दिवा स्थिर लागला तर.

आता डब्याच्या आत. दोन काटे असतात. एक कॉलर सरकवून पुढची चाकं जोडतो, दुसरा हाय आणि लो बदलतो. दोन्ही काटे एका कॅमवरून चालतात आणि हा कॅम एका आडव्या शाफ्टवर बसलेला असतो. शाफ्टचं टोक डब्याबाहेर डोकावतं. ते गोल नसतं, १३-५४ मध्ये त्रिकोणी असतं, म्हणजे मोटरच्या खाचेत बसल्यावर ते घसरू शकत नाही. शाफ्ट थोडा फिरला की टू-हायचं फोर-हाय होतं, आणखी फिरला की मधे न्यूट्रल लागून फोर-लो येतं. मोटरचं सगळं आयुष्य हा शाफ्ट इकडून तिकडे अर्धवट फिरवण्यात जातं. पूर्ण फेरी शाफ्टच्या वाट्याला कधी येतच नाही.

मोटर म्हणून ती अगदी साधी आहे. बारा व्होल्टची, कायमचुंबकाची, आत दोन कार्बन ब्रश. वायपरच्या किंवा काचेच्या मोटरची जवळची नातलग. तारा उलट्या जोडल्या की उलट फिरते. ती वेगाने फिरते आणि मधल्या गिअरांमुळे तो वेग घटून जोर वाढतो. बहुतेक मोटरींत हा गिअर मळसूत्री असतो. त्याचा एक फायदा असा की वीज बंद झाल्यावरही शाफ्ट जागचा हलत नाही. मळसूत्र चाकाला फिरवू शकतं, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. म्हणून फोर-हाय लागल्यावर मोटर दिवसभर वीज पीत बसत नाही.

पण या मोटरला नजर नाही. डोळ्यांना झापड बांधलेल्या घाण्याच्या बैलासारखी ती जोर लावते. कुठे थांबायचं ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. सांगतो तो कंट्रोलर. त्यालाही डोळे नाहीत, पण मोटरच्या शेवटच्या गिअरवरच्या चकतीकडून त्याला निरोप मिळतो. १३-५४ च्या मोटरीत या चकतीवर चार वाटा आणि त्यांवर घासणारी स्प्रिंगची बोटं असतात. प्रत्येक वाट कुठे अर्थला जोडलेली असते, कुठे तुटलेली. कंट्रोलर चारही तारा वाचतो: कोणती चालू, कोणती बंद. चार तारांच्या सोळा जुळण्या होतात. त्यांतल्या काही ठरावीक जुळण्यांना अर्थ दिलेला असतो: ही टू-हाय, ही फोर-हाय, ही फोर-लो, ही मधली जागा, ही शेवटची हद्द. बटण फिरवलं की कंट्रोलर मोटर सुरू करतो आणि हवी ती जुळणी दिसताच बंद करतो. ठरलेल्या वेळात ती दिसली नाही तर हात वर करतो आणि दिवा लुकलुकवतो.

इथेच दुखण्याचं मूळ आहे. चार वाटांपैकी एकीवर मळ बसला तरी निरोप चुकतो. मोटर टू-हायमध्ये व्यवस्थित उभी असते आणि कंट्रोलरला ती भलत्याच ठिकाणी दिसते. मग तो शहाण्यासारखा काहीच करत नाही किंवा मोटरला जागा शोधत पुढे-मागे नाचवत राहतो. मालकाला खालून गुरगुर ऐकू येते आणि त्याला वाटतं की मोटर मरतेय. ती मरत नसते, वाट चुकलेली असते. अमेरिकेत शेव्हरोलेच्या पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींमध्ये हाच आजार इतका पसरला की त्याचा संगणकी दोषक्रमांक, सी०३२७, तिथल्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे. त्या मोटरींपैकी काहींसाठी फक्त आतली सेन्सरची कडी वेगळी विकत मिळते. मोटर तीच, गिअर तेच, डोळे तेवढे नवे.

चकती मळते कशी? मोटर गाडीच्या पोटाखाली असते, चाकांचा चिखल उडतो तिथेच. तिच्या आत कारखान्यात भरलेलं ग्रीस वर्षानुवर्षांच्या उष्णतेने घट्ट होतं आणि त्यात कार्बनची भुकटी मिसळून काळा लगदा होतो. पाणी शिरण्याची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी आहे. लांबच्या प्रवासात गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस तापतात, त्यांना चिकटलेली मोटरही तापते, आतली हवा प्रसरण पावते. अशी गाडी थंड ओढ्यात उतरली की मोटरचं कवच झटकन गार होतं, आतली हवा आकसते आणि सील कुठे जुनं झालं असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. ओढा ओलांडताना सगळं नीट चालतं. आजार दिसतो दोन-तीन महिन्यांनी, तांब्यावर हिरवी बुरशी चढल्यावर. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. पुळणीवर गाडी घालण्याची हौस तर या मोटरीच्या जिवावरच उठते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदाच आहे, पण दंडाची भीती नसलेल्यांनी निदान मिठाची धरावी.

आणखी एक कारण आहे आणि ते सगळ्यात लाजिरवाणं: न वापरणं. फोर-बाय-फोर गाड्या घेणारे पुष्कळ, चिखलात घालणारे थोडे. जी मोटर वर्षानुवर्षं टू-हायमध्ये एकाच जागी उभी आहे, तिची स्प्रिंगची बोटं एकाच बिंदूवर दाबून बसलेली असतात, बाकीच्या वाटांवर मळ चढत राहतो आणि डब्याबाहेर आलेला शाफ्ट आपल्या बुशमध्ये गंजून धरतो. बाजारात जुनी फोर-बाय-फोर ‘कधी वापरलीच नाही’ म्हणून जास्त भावाने विकतात. मी तर अशी गाडी घेताना भाव पाडून मागेन.

अर्थात मोटर खरोखर जातेही. कार्बन झिजून संपतात. आत फिरणाऱ्या आर्मेचरचा तांब्याचा भाग काळा पडतो. कवचाला आतून चिकटवलेले चुंबक, त्यांच्या मागे गंज फुगल्यामुळे, सुटून आर्मेचरला घासतात. असं झालं की मोटर जॅमच होते. गिअरांमधले रबरी किंवा प्लॅस्टिकचे तुकडे फुटतात आणि मोटर फिरत असूनही शाफ्ट हलत नाही. यातलं काय झालंय हे मोटर उघडल्याशिवाय कळत नाही, पण ती उघडावी की नाही हे बाहेरूनच ठरवता येतं. त्यासाठी फार काही लागत नाही. शांत जागा, एक मदतनीस आणि कान पुरेत.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेले. हे दगड उपचारापुरते नाहीत. फोर-लोकडे जाताना ट्रान्सफर केस न्यूट्रलमधून जातो. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये असली तरी चाकं मोकळी असतात आणि उतारावरची गाडी गिअरच्या भरवशावर उभी राहत नाही. खाली माणूस असताना हे विसरून चालणार नाही.

इंजिन बंद, स्विच ऑन. आत बसलेल्याने बटण टू-हायवरून फोर-हायवर न्यायचं, बाहेरच्याने ऐकायचं. डॅशबोर्डमागे रिलेची टिकटिकही नाही आणि खाली आवाजही नाही, तर संशय वरच्या मजल्यावर: फ्यूज, बटण, कंट्रोलरची अर्थ. बटणाच्या आतही कॉन्टॅक्टच असतात आणि तेही मळतात. ते दहा-बारा वेळा पूर्ण फिरवल्याने चालू झालं तर दोषी सापडला. टिकटिक आहे पण खाली शांतता, तर मोटरपर्यंत वीज पोचत नाही किंवा पोचूनही मोटर उठत नाही. अशा वेळी मदतनिसाने बटण फिरवत राहायचं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलकेच टकटक करायची. ती उठली तर कार्बन अडकत आहेत. स्टार्टर मोटरवरचा जुना इलाज इथेही चालतो, पण हातोडा घेऊ नये. आतले चुंबक ठिसूळ असतात.

मोटर गुरगुरते, थोडी फिरते, परत येते, दिवा लुकलुकतो: ही चकतीची लक्षणं. आणि मोटर सुरळीत फिरली, दिवाही स्थिर लागला, तरी पुढची चाकं ओढत नाहीत, तर मोटरचा काही दोष नाही. काही गाड्यांत पुढच्या ॲक्सलची किंवा चाकांच्या हबची जोडणी वेगळी असते आणि ती व्हॅक्यूमवर चालते. तिथली रबरी नळी तडकली की इकडे सगळं बरोबर आणि तिकडे चाकं सुटी.

फक्त फोर-लोच लागत नसेल तर आधी चालकाची चौकशी करावी. फोर-लोसाठी गाडी जवळपास थांबलेली आणि क्लच पूर्ण दाबलेला लागतो. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल. कंट्रोलर हे वेगाच्या सेन्सरवरून आणि क्लच पेडलच्या छोट्या स्विचवरून तपासतो. तो स्विच सरकला असेल तर चालक जीव खाऊन क्लच दाबतो आणि कंट्रोलरच्या हिशेबी क्लच दाबलेलाच नसतो.

बॅटरीकडेही बघावं. अशक्त बॅटरीवर इंजिन कसंबसं सुरू होतं, पण कंट्रोलरचा तोल जातो. मीटर नुसता मोटरच्या तारांच्या कपलरला लावून बारा व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. गंजलेल्या तारेतूनही रिकाम्या मीटरला बारा व्होल्ट दिसतात. इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब कपलरमधल्या मोटरच्या दोन जाड तारांना लावायचा आणि बटण फिरवायचं. तो क्षणभर का होईना झगझगीत पेटला तर वीज जोरकस आहे. मिणमिणला तर मोटर काढण्याआधी तारा बघा.

इतकं करून संशय मोटरवरच येत असेल तर ती काढावी. शक्य असेल तर आधी बटण टू-हायवर आणून ठेवावं. मोटर, शाफ्ट आणि कंट्रोलर यांची एकमताची जागा ठाऊक असली की परत बसवताना डोकं लागत नाही. शाफ्टच्या टोकाचा आणि मोटरच्या खाचेचा फोटो काढावा. मोटर तीन-चार बोल्टांवर असते. गंजलेले बोल्ट आदल्या रात्री तेल सोडून ठेवले तर तुटत नाहीत. १३-५४ मध्ये इथे एक गंमत आहे. मोटरच्या कपलरमध्ये दोन जाड तारा मोटरच्या, पाच बारीक तारा चकतीच्या आणि आणखी एक तार थेट डब्यात जाणारी. ती आतल्या विद्युतचुंबकाची.

हा विद्युतचुंबक म्हणजे ‘ऑन फ्लाय’ या शब्दांमागचं खरं यंत्र. चालत्या गाडीत टू-हायमध्ये पुढचा शाफ्ट थांबलेला किंवा वेगळ्याच गतीने फिरत असतो. तशातच दाते घुसवले तर करकरून तुटतील. म्हणून मोटर कॅम फिरवते त्याच वेळी कंट्रोलर या चुंबकात वीज सोडतो. तो एका क्लचमार्फत पुढच्या भागाला मागच्याच्या वेगावर आणतो. वेग जुळले की स्प्रिंगने आधीच दाबून धरलेली कॉलर आपोआप दात्यांत बसते आणि चुंबकाची वीज बंद होते. म्हणजे मोटर कॉलरला थेट ढकलत नाही. ती स्प्रिंगला ताण देऊन ठेवते आणि कॉलर सवडीने बसते. जिप्सीच्या चालकाचा हात दाते जुळेपर्यंत दांडा दाबून धरायचा, तेच काम इथे स्प्रिंग करते. तर या चुंबकाची तार मोटरच्याच कपलरमधून येते आणि मोटर वेगळी करायची तर तिची पिन कपलरमधून बारीक सुईने सोडवून काढावी लागते. घाईत ती तोडली की पुढच्या वेळी मोटर नीट चालते, पण चालत्या गाडीत फोर-हाय लागायचं बंद होतं.

मोटर हातात आली की ती उघडण्याची घाई नको. आधी शाफ्टच्या टोकाला पाना लावून हलवून बघा. तो हाताने, थोडा जोर लावून, खट्-खट् करत एका जागेवरून दुसरीकडे गेला पाहिजे. दाते जुळत नसतील तर मदतनिसाने गाडी वीतभर सरकवायची. अर्थात खालच्या माणसाने आधी बाहेर यायचं. शाफ्ट दगडासारखा बसलेला असेल तर निरोगी मोटरही त्यापुढे हरेल. नवी मोटर आणून अशा शाफ्टवर चढवली की ती आठवड्यात जळते आणि मग ‘हल्ली मालच चांगला येत नाही’ म्हणायला आपण मोकळे. शाफ्टभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने काढून, भेदक तेल सोडून, त्याला इकडे-तिकडे फिरवत मोकळा करावा. मोटरमध्ये ऑइल सापडलं तर शाफ्टचं ऑइल सील गेलेलं आहे. तेही याच वेळी बदलावं.

मग मोटर. दोन जाड तारांना बॅटरीची वीज क्षणभर द्यायची, मध्ये फ्यूज असलेल्या तारेतून. मग तारा अदलाबदल करून पुन्हा. दोन्हीकडे चटकन आणि एकसारखी फिरली तर तिच्यात जोर आहे, दोष निरोपात. कवच उघडताना आतले स्क्रू, वायसर, स्प्रिंग यांची जागा फोटोत धरून ठेवावी. जुना काळा लगदा कापडाने पुसावा, उरलेला कॉन्टॅक्ट क्लिनरने धुवावा. पेट्रोलने धुऊ नये, आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं. आणि तांब्याच्या वाटांवर पॉलिश पेपर चालवण्याचा मोह टाळावा. त्या पातळ असतात. पहिल्या घासण्यात चमकतात, तिसऱ्यात संपतात. शाळेतलं खोडरबर पुरे होतं. स्प्रिंगची बोटं चपटी झाली असतील तर चिमट्याने अगदी किंचित वर करावीत. मीटर लावून गिअर सावकाश फिरवत प्रत्येक वाट कुठे जोडली जाते आणि कुठे सुटते ते पाहावं. मध्येच चाचरणारी वाट दिसली की समजावं, दिवा का लुकलुकत होता.

कार्बन झिजले असतील तर वाइंडिंगवाल्याकडे त्याच मापाचे मिळतात किंवा थोडे मोठे घेऊन घासून बसवता येतात. सुटलेले चुंबकही तो इपॉक्सीने चिकटवून देतो, फक्त ते काढताना त्यांची बाजू आणि दिशा खुणेने ठरवून ठेवावी. उलटे बसले तर मोटर एक तर फिरत नाही किंवा टू-हाय म्हटलं की फोर-लोकडे धावते. गिअरांना नवीन ग्रीस, पण चकतीवर मात्र नेहमीचं चॅसिस ग्रीस नको, कॉन्टॅक्टसाठीचं ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. कवच बंद करताना नवी ओ-रिंग आणि बाहेरून सिलिकॉनची बारीक रेघ. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नये, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. तुम्ही ज्या हिरव्या बुरशीवर दुपार घालवली तीच मग आतून पुन्हा उगवते.

गिअरचे दाते तुटले असतील किंवा चकतीवरचं तांबंच उडालं असेल तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. नवी मोटर महाग वाटली तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी करता येते, मात्र नुसतं ‘सफारीची मोटर’ म्हणून घेऊ नये. कपलरच्या पिनांची संख्या, तारांचे रंग, शाफ्टच्या खाचेचा आकार आणि लेबलवरचा पार्ट नंबर जुळला पाहिजे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन मोटरींच्या चकत्यांची सांकेतिक भाषा वेगळी असू शकते. मग मोटर व्यवस्थित बसते, व्यवस्थित फिरते आणि कंट्रोलरला तिचं एक अक्षर कळत नाही.

एक अडचण अशी आहे की तिच्यात मोटर, चकती, कंट्रोलर सगळे निर्दोष असतात. गाडी फोर-हायमधून टू-हायमध्ये यायचं नाव घेत नाही, दिवा लुकलुकत राहतो. अशा वेळी विचारायचं, गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये चालवली का? या प्रकारच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये वेगातला फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात आणि दोन शाफ्टना तर एकाच वेगाने फिरायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून हा हिशेब मिटवतं. डांबरावर ते घसरत नाही, म्हणून ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि दात्यांची कॉलर त्या ताणाखाली चिमटीत सापडते. छोट्या मोटरीला ती सोडवता येत नाही. पुढे दोन टायर नवे आणि मागे दोन झिजलेले असले तरी सरळ रस्त्यावरही हेच घडतं, कारण त्यांचे घेर वेगळे असतात. उपाय फुकटचा आहे: स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी काही मीटर मागे घ्यायची. ताण उलगडतो, खट् आवाज येतो आणि दिवा विझतो. एवढं न केल्यामुळे कित्येक चांगल्या मोटरी बदलल्या जातात असा माझा दाट संशय आहे.

कारखान्यांनीही या प्रश्नाचं एकच उत्तर ठरवलेलं नाही. २०२० ची थार आणि २०२३ ची जिम्नी या दोघींत दुसरा दांडाच आहे. त्याच काळात आलेल्या स्कॉर्पिओ-एनने विजेवरची निवड ठेवली. दांड्यात बिघडण्यासारखं कमी आहे हे खरं. पण दांड्याचेही बुश झिजतात, आणि सांभाळलेली मोटर तितकीच टिकते. मला विचाराल तर बटणाची गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर तिन्ही खुणांवरून ती फिरवून आणावी.

आडरानात मोटरने मान टाकली तर एक जुना मार्ग उरतो. चाकांना दगड लावून, कपलर आणि बोल्ट काढून मोटर बाजूला करायची आणि शाफ्टचं टोक पान्याने फोर-हायवर न्यायचं. उभ्या गाडीत चुंबकाची गरज नसते. दाते जुळले नाहीत तर पाना काढून, बाहेर येऊन, गाडी किंचित हलवली की कॉलर बसते. मोटर तारेने चॅसिसला बांधून ठेवायची, कारण तिची खाच अजून टू-हायच्या जागी आहे आणि ती आता शाफ्टवर बसणार नाही. कपलर मात्र काढलेलाच असू द्यावा. तो जोडला तर कंट्रोलर मोटरच्या चकतीवर विश्वास ठेवून गाडी टू-हायमध्ये असल्याचं दाखवेल, आणि चालक डांबरी रस्त्यावर आल्यावरही निर्धास्तपणे चारही चाकांवर गाडी हाकत राहील.